भाऊ ठोंबऱ्यांचा ट्रेलर

भाऊ ठोंबरे आमच्याकडे सांत्वनाला आले तेव्हा त्यांनी आधी दार मोजलं.

तुमचे आजोबा गेले त्या सकाळची गोष्ट. घर माणसांनी भरलं होतं. कुणी रडत होतं, कुणी फोनवर पत्ता सांगत होतं, आणि भिंतीपलीकडचे भाऊ कमरेचा टेप काढून आमच्या पुढच्या दाराची रुंदी घेत होते. मग ते अंगणात गेले, तिरडीचे बांबू मोजले, त्यातला एक करवतीने बोटभर कापला आणि माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "बाई, काळजी करू नका. सायेब सरळ जातील. तिरकं करायला नाय लागनार. दोनी बाजूंना दोन-दोन सूत जागा ऱ्हातेय."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्या क्षणी मला त्यांचा संताप आला. पण त्या दिवशी शंभरेक माणसं माझ्याशी बोलली असतील, त्यातलं जसंच्या तसं आठवतं ते एवढंच वाक्य.

ईरा आणि निखिल, तुम्ही दर रविवारी व्हिडिओ कॉलवर विचारता की आजीच्या कंपाउंडच्या भिंतीला एवढं मोठं भगदाड का आहे. ज्या आजीने तुमचे खेळण्यातले डबे आगगाडीच्या क्रमाने लावून ठेवले, तिच्या घराला भगदाड शोभत नाही, हे मलाही कळतं. मोठी गोष्ट आहे, सावकाश सांगेन, असं म्हणून मी आजवर टाळत आले. आता सांगते. आणि सांगायची तर सुरुवात भाऊंपासूनच करावी लागते.

भाऊ खोपोलीच्या एका कारखान्यात पस्तीस वर्षं फिटर होते. निवृत्त झाल्यावर खालापूरकडचं गावचं घर पुतण्याच्या हवाली करून ते इथे कर्जतच्या भिसेगावात, माझ्या शेजारी, राहायला आले. अंगकाठी बारीक, खाकी हाफपँट, कानावर पेन्सिल, कमरेला टेप. देवळात जाताना ते चपला काढतात, टेप काढत नाहीत. मिरचीचं रोप किती वाढलं, भाकरी किती रुंद झाली, लग्नाच्या मांडवाचा खांब किती कलला, हे सगळं ते मोजतात आणि न विचारता सांगतात. "माप खोटं बोलत नाय बाई, मानूस बोलतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा त्यांनी भिंतीवरून डोकावून सांगितलं, की माझ्या तेवीस कुंड्यांच्या रांगेतली सातवी कुंडी अर्धा इंच पुढे आहे. मी चाळीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, मुलांच्या रांगा नजरेने सरळ केल्या. मला कुणी रांग शिकवू नये. भाऊ आत गेल्यावर दोरी लावून पाहिलं. अर्धा इंचच होती.

त्यांनी न मोजलेली जगात एकच वस्तू होती, ती म्हणजे त्यांच्या अंगणातली तुळस. लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्यांनी गावच्या घरी तुळशीची उंची मोजली आणि आठवड्याभरात ती वाळली. तेव्हा सुमनवहिनींनी त्यांना ताकीद दिली, की तुळशीला टेप लावायचा नाही. रोपाला नाही, वृंदावनाला नाही, खालच्या कट्ट्यालाही नाही. भाऊंनी ती ताकीद जन्मभर पाळली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सुमनवहिनी धरमतरच्या खाडीकाठच्या. त्यांच्या वडिलांची तर होती, म्हणजे माणसांना होडीतून खाडीपार पोचवायचं काम. वहिनींचं लहानपण पाण्याशेजारी गेलं आणि लग्न होऊन त्या आल्या डोंगराखाली. आमच्याकडे पाऊस इतका पडतो की भांडी वाळत नाहीत, पण वहिनी म्हणायच्या, "ह्यो कसला पानी? वरशी परतो नि पलून जातो. पानी कसा, सकाली गेला तं सांजला परत आला पायजे." हसायच्या तर तीन घरं ऐकू जायच्या. सुकं बोंबील भाजायला घेतलं की मी खिडक्या लावायची, आणि त्या भिंतीवरून ओरडायच्या, "बाय, खिरकी उगर, फुकटचा वास हाय!"

मग त्या विसरायला लागल्या. आधी भाजीत दोनदा मीठ. मग माझं नाव. मग सासरी गेलेल्या मुलीचं नाव. दोन वर्षांत त्या इतक्या गप्प झाल्या, की मला माझ्या उघड्या खिडकीची लाज वाटायची. मात्र सकाळी आंघोळ झाली की तांब्या घेऊन तुळशीला पाणी आणि दिवेलागणीला तुळशीपाशी दिवा, यात कधी खंड पडला नाही. आणि त्याच सुमाराला, रोज संध्याकाळी, कापडी पिशवीत एक लुगडं आणि फणी घालून त्या फाटकाशी येऊन उभ्या राहायच्या.

"मना घरा जावाचा हाय," त्या म्हणायच्या. "बापूस तरीवर उबा असंल."

भाऊ त्यांना धरून आत न्यायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

भाऊंनी त्यांना नेलं नाही असं नाही. पुतण्या विलासच्या जीपमधून दोनदा नेलं. खाडीवर पूल होऊन कितीतरी वर्षं झाली. गाडी थेट माहेरच्या दारात जाते. दोन्ही वेळा वहिनी गाडीतून उतरल्याच नाहीत. भाऊ दार उघडून उभे, भावजय आरती घेऊन उभी, आणि वहिनी सीटला धरून म्हणतायत, "ह्यो माजा गाव नाय. माज्या गावाला पान्यातशी जातात."

दुसऱ्यांदा परत आले त्या दिवशी भाऊ ओट्यावर बसून बराच वेळ टेप ओढत होते आणि सोडत होते. ओढत होते आणि सोडत होते. काही मोजत नव्हते.

पंधरवड्याने आठ माणसं खांद्यावर बोट घेऊन आमच्या गल्लीत शिरली.

बोट बारा फुटांची, फायबरची, निळी. मागे छोटं इंजिन. पळसदरीच्या बाजूला एका मुंबईकराचं फार्महाउस होतं. त्यांच्या मुलांची हौस फिटली आणि बोट झाडाखाली पडून राहिली. तिच्यात पाणी साठलं होतं आणि बेडूक झाले होते. भाऊंनी ती बेडकांसकट विकत घेतली. वळवायला जागा नव्हती म्हणून आठ जणांनी ती उचलून भाऊंच्या पुढच्या भिंतीवरून आत घेतली आणि माझ्या भिंतीला समांतर ठेवली. बेडूक त्याच संध्याकाळी माझ्या कुंड्यांत राहायला आले.

कर्जतला समुद्र नाही. त्यामुळे लोकांची चंगळ झाली.

"काय भाऊ, कर्जतला बंदर कदी झालं?"

"होईल. माप घेतोय."

"मंग भाडं किती घेनार? इथनं स्टेशनला सोडा की!"

"हिला म्हायेरी न्यायचीय," भाऊ सरळ सांगून टाकायचे. "ती म्हनते पान्यातनं जायचं, तर पान्यातनं."

यावर विचारणाऱ्याचं हसू जरा कमी व्हायचं. डॉक्टरांनी भाऊंना स्पष्ट सांगितलं होतं, की आज जे आठवतंय ते उद्या आठवेलच असं नाही. आज पाणी आठवतंय. पुढच्या वर्षी तेही गेलेलं असेल. म्हणजे पावसाळ्याआधी न्यायला हवं होतं. भाऊंनी माझ्या नव्याने रंगवलेल्या भिंतीवर, त्यांच्या बाजूने का होईना, खडूने रेघा मारल्या आणि रोज सकाळी एक पुसायला लागले. तेवढे दिवस त्यांच्या हाती होते.

मला यात एक गोष्ट कळत नव्हती आणि मी ती त्यांना विचारली. "भाऊ, एक टेंपो करा. बोट वर टाका, खाडीवर नेऊन उतरवा. एका दिवसात काम होईल. ट्रेलर बनवायला तुम्हाला सहा महिने लागतील."

"टेंपो नको, बाई."

"का?"

"टेंपो दुसऱ्याचा असतो."

हे काही उत्तर नव्हे. शाळेत असं उत्तर मिळालं असतं तर मी बाकावर उभं केलं असतं. फिटरची खोड, दुसरं काय, असं मी मनाशी म्हटलं आणि विषय सोडला.

ट्रेलर दिवाळीनंतर सुरू झाला. भंगारात निघालेल्या एका व्हॅनचा ॲक्सल आणि दोन चाकं, जुन्या जीपचे पाटे म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, मागचे लाल दिवे कुठल्याशा रिक्षाचे. बोट ओढून वर घ्यायला दोर गुंडाळायचं काही लागतं, त्यासाठी गावच्या विहिरीवरचा रहाट आला. बोटीच्या पोटाला लोखंड लागू नये म्हणून सांगाड्यावर वहिनींची जुनी सतरंजी घडी करून बांधली. सकाळी नऊ ते बारा लोखंड कापायचा आवाज, तीन ते पाच वेल्डिंग. मी त्यांना लेखी वेळापत्रक मागितलं, कारण माझी दुपारची झोप दोनला असते. त्यांनी ते दिलं आणि मिनिटावर पाळलं. या बाबतीत आमचं जमतं.

वहिनी ओट्यावर बसून ठिणग्या बघायच्या. त्यांना हे काय चाललंय ते कळत नव्हतं. कधीतरी विचारायच्या, "कोनाचं घर बांधताव?"

माघात भाऊ माझा वजनकाटा मागायला आले.

"कुणाचं वजन करायचंय?"

"ट्रेलरच्या नाकाचं."

मग त्यांनी मला समजावलं. ट्रेलरचं पुढचं टोक जीपच्या हुकात अडकतं. त्या टोकावर भार फार पडला तर जीपचं मागचं बूड बसतं. फार कमी पडला तर ट्रेलर रस्त्यावर शेपटासारखा डुलायला लागतो. एकूण वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा भार नाकावर पाहिजे. मला हे इतकं पटलं, की मी काटा तर दिलाच, वर वहीही दिली.

पण खरी परीक्षा पुढेच होती. बोट, इंजिन, पेट्रोल मिळून जे वजन होतं, त्याच्या दीडपट वजन ट्रेलरवर घालून पाटे टिकतात का ते बघायचं होतं. वाळूच्या गोणी आणता आल्या असत्या. भाऊ म्हणाले, गोणी हलत नाहीत, रस्त्यावरचं वजन हलतं. त्यांना हलणारं वजन हवं होतं. आणि गुरुवार असल्यामुळे नेमकं त्याच वेळी आमचं भजनी मंडळ माझ्याकडे जमलं होतं.

"बाई, आठ जनी पायजेत," भाऊ भिंतीवरून म्हणाले. "फक्त धा मिन्टं. बसायचं नि भजन म्हनायचं."

आमच्या मंडळाच्या प्रमुख मंदाताई. बांधा भक्कम, आवाज त्याहून भक्कम. त्या लगेच तयार झाल्या, कारण त्यांना वाटलं की ट्रेलरची पूजा आहे. मग भाऊंनी वजनकाटा पुढे ठेवला आणि मंदाताईंचा चेहरा बदलला.

"ह्यावर उभं राहायचं? सगळ्यांसमोर?"

"माप पायजे ना, ताई. मी कुनाला सांगनार नाय. खडूनं लिवीन, बेरीज करीन, पुसून टाकीन."

"तुम्ही भिंतीवर लिहिणार. आणि भिंत बाईंची!"

शेवटी असं ठरलं, की एकेकीने काट्यावर उभं राहायचं, बाकीच्यांनी तुळशीकडे तोंड करायचं आणि भाऊंनी मनातल्या मनात बेरीज करायची. मंदाताई उभ्या राहिल्या तेव्हा भाऊ पटकन म्हणाले, "वा! तुमी एकट्याच दोघींचं काम करताय." त्यानंतर ट्रेलरवर चढेपर्यंत मंदाताई त्यांच्याशी बोलल्या नाहीत. पण चढल्या. आठही जणी चढल्या. भाऊ खाली झोपून पाट्यांकडे बघत होते आणि ओरडत होते, "टाळ जोरात! हला जरा! थांबू नका, अजून येक कडवं घ्या!" पाटे करकरले, पण वाकले नाहीत. सगळ्या खाली उतरल्यावर भाऊंनी पाटे मोजले. "येक सूत बसले," ते म्हणाले. मुलगी पास झाल्याचंही त्यांनी एवढ्याच आनंदाने सांगितलं असेल.

ओट्यावरून सुमनवहिनी टाळ्या वाजवत होत्या. भजनावर की ट्रेलरवर, ते कळलं नाही.

कागदपत्रांचं काम माझ्याकडे होतं. घरी बनवलेलं वाहन रस्त्यावर आणायचं म्हणजे अर्ज, नकाशे, दाखले, आणि प्रत्येकाच्या तीन-तीन प्रती. बोटीचे कागद वेगळे. मी दोन फायली केल्या, एक लाल, एक निळी, आणि खेटे घातले. लाइफ जॅकेटं घेतल्याशिवाय मी कागदावर सही करणार नाही असंही सांगितलं. भाऊंनी चार जॅकेटं आणली. चौथं कुणासाठी ते विचारल्यावर म्हणाले, "तुमच्यासाठी. फाइल तुमीच केलीय, सरळ जाते का बगायला नको?"

भिंतीवर बत्तीस रेघा उरल्या असताना सगळं तयार झालं. वहिनींच्या भावाला फोन करून भाऊंनी भरतीची वेळ विचारून घेतली. रविवारी सकाळी आठ. पहाटे पाचला निघायचं ठरलं. पळसदरीवरून खोपोली, तिथून पेणच्या रस्त्याला लागायचं.

पहाटे विलास जीप घेऊन आला. तो पन्नाशीचा, शांत माणूस. ट्रेलर जीपला जोडला, रहाटाने बोट वर चढवली, मी नारळ फोडला. फाटक मोजलेलं होतं: दोन्ही बाजूंना दोन-दोन सूत. जीप हळूच पुढे सरकली, ट्रेलर वळायला लागला, आणि खर्रकन थांबला.

बोटीचं मागचं टोक तुळशीच्या कट्ट्याला टेकलं होतं.

विलासने मागे घेतलं, पुढे घेतलं, डावीकडून, उजवीकडून. ट्रेलर एकट्याचा वळत होता, बोट चढली की वळत नव्हता. आणि बोट उचलून पुन्हा भिंतीवरून बाहेर काढायला पहाटे पाचला आठ माणसं कुठून आणायची? भाऊंनी कागदावर अंगणाचा नकाशा काढला होता. त्यात फाटक होतं, नळ होता, माझी भिंत होती, पपईचं झाड होतं. तुळशीच्या जागी फक्त एक ठिपका होता. कट्ट्याला त्यांनी टेप लावलाच नव्हता. बेचाळीस वर्षं लावला नव्हता.

"काका, कट्टा फोडू या," विलास म्हणाला. "उद्या परत बांधून देतो. होता तसाच."

तेवढ्यात दार उघडलं आणि सुमनवहिनी बाहेर आल्या. आंघोळ झालेली, हातात तांब्या. अंगणात जीप होती, निळी बोट होती, आम्ही तिघं होतो. त्यांनी कुणाकडेही पाहिलं नाही. बोट आणि कट्टा यांच्यामधल्या अरुंद फटीतून त्या अंग चोरून गेल्या, तुळशीला पाणी घातलं, हात जोडले आणि आल्या वाटेने आत गेल्या.

त्यांना आता न्हाणीघर सापडायचं नाही. स्वयंपाकघरात उभं राहून त्या स्वयंपाकघर विचारायच्या. अख्ख्या घरात न चुकता सापडणारी तेवढी एकच जागा उरली होती.

"ऱ्हाऊ दे विलास," भाऊ म्हणाले. "बोट उतरव." आणि ते ओट्यावर बसले.

मी भिंतीकडे पाहिलं. माझी भिंत सहा फूट उंच, दर दोन वर्षांनी रंगवलेली, पलीकडे तेवीस कुंड्या एका रांगेत. बोट त्या भिंतीला समांतर होती. तेवढा तुकडा नसता तर ट्रेलर माझ्या अंगणात वळून माझ्या मोठ्या फाटकाकडे गेला असता. हे भाऊंनाही दिसत असणार. माप त्यांना न घेता दिसतं. पण ते मागणार नव्हते.

"भाऊ, भिंत पाडा," मी म्हटलं.

"बाई, तुमच्या कुंड्या..."

"कुंड्या हलतात. तुळस हलत नाही. उठा."

ते उठले. पण भिंतसुद्धा त्यांनी मापूनच पाडली. खडूने चौकट आखली, ओळंबा धरला, आणि मगच पहिला घण घातला. "दोन सूत जास्त घेतोय," ते दर पाच मिनिटांनी माफी मागितल्यासारखं सांगत होते. ढिगारा उचलून ट्रेलर बाहेर काढेपर्यंत दहा वाजले. आठची भरती केव्हाच गेली होती, पण ही गोष्ट आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आली नाही. आम्ही डोंगराखालची माणसं. पाणी म्हटलं की ते असतं, असं आम्हाला वाटतं.

एक वाजता खाडीवर पोचलो तर पाणी नव्हतं. नजर पोचेल तिथवर काळा चिखल, त्यात खेकड्यांची भोकं आणि मधोमध ओढ्याएवढी धार. भाऊ जुन्या धक्क्याच्या टोकाला जाऊन उभे राहिले. त्यांनी सवयीने टेप काढला, खाली सोडला, आणि तो चिखलात जाऊन बसला.

मागून जीपचं दार वाजलं. सुमनवहिनी आपल्या आपण उतरल्या होत्या. दोन वेळा त्याच खाडीवर आणूनही न उतरलेल्या वहिनी. त्यांनी वारा हुंगला, चिखलाकडे पाहिलं, आणि धक्क्यावरच्या दगडावर मांडी घालून बसल्या.

"सुकती हाय," त्या म्हणाल्या. "आता कोन होरी घालतो? पानी चरू दे." मग भाऊंच्या हातातल्या टेपकडे बघून, तिरस्काराने, "तुमाना काय कलत नाय."

भाऊ माझ्याकडे वळले. चेहरा असा, जणू कुणी सत्कार केलाय. "बाई, आयकलंत? मला टाकून बोलली. दोन वर्सांनी बोलली."

आम्ही चार तास बसलो. मी डबे आणले होते ते खाल्ले. पाणी खरंच परत आलं, एकेक भोक भरत, अगदी सावकाश. साडेपाचच्या सुमाराला वहिनी उठल्या आणि म्हणाल्या, "आता."

ट्रेलर उताराने पाण्यात गेला, रहाट सैल केला, आणि बोट सतरंजीवरून अलगद सुटून तरंगली. विलास जीपपाशी थांबला, जॅकेटं घालून आम्ही तिघं बसलो. भाऊ इंजिनाशी, त्यांना चिखल कुठे आणि पाणी कुठे ते वहिनी बोटाने दाखवत होत्या. एकदाही चुकल्या नाहीत. दहा मिनिटांत पलीकडच्या दगडी पायऱ्यांना लागलो. वहिनींनी पाण्यात हात बुडवून डोळ्यांना लावला, पायरीवर उतरल्या, वरून तिसऱ्या पायरीवर बसल्या आणि समोरच्या घरांकडे बघत राहिल्या.

"घर आला," त्या म्हणाल्या.

भावजय तिथेच चहा घेऊन आली. वहिनींनी तो पायरीवर बसूनच घेतला. बापूस कुठे आहे, असं त्यांनी विचारलं नाही. मी जीव मुठीत धरून बसले होते, पण नाही विचारलं. पाणी चौथ्या पायरीला लागलं तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला, पदर झाडला आणि भाऊंना म्हणाल्या, "चला. तुलशीशी दिवा लावाचा हाय."

दुसऱ्या दिवशी मी गवंड्याला निरोप धाडला, की मंगळवारी येऊन भिंत बांधून दे. कुंड्या भगदाडाच्या कडेला गोळा करून ठेवल्या होत्या. त्यांची रांग लावल्याशिवाय मला चैन नव्हतं. संध्याकाळी मी त्यांना पाणी घालत होते. भगदाडातून आता भाऊंचं अंगण सरळ दिसतं. तुळशीपाशी दिवा लागला. आणि सुमनवहिनी पिशवी घेऊन फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या.

"मना घरा जावाचा हाय. बापूस तरीवर उबा असंल."

माझ्या हातातली झारी तशीच राहिली. सहा महिने, आठ बायका, दोन फायली, एक भिंत. आणि त्यातलं थेंबभरही त्यांच्यापाशी उरलं नव्हतं. मला भाऊंकडे बघवेना.

भाऊ ट्रेलरच्या चाकाला ग्रीस लावत होते. त्यांनी हात पुसले, फाटकाशी गेले आणि म्हणाले, "जाऊ गं. रईवारी जाऊ. भरती दोनला हाय, म्या इचारलंय." वहिनींनी पिशवी त्यांच्या हाती दिली आणि आत गेल्या.

मग त्यांनी मला पाहिलं.

"काल गेलो होतो ते काहीच आठवत नाही का हो?" मी विचारलं.

"नाय. सकाळीच गेलं." ते पुन्हा चाकापाशी बसले. "मला ठावूक व्हतं, बाई. म्हनून तर ट्रेलर केला. येकदाच न्यायचं असतं तर टेंपो बास होता."

ग्रीस लावता लावता त्यांनी मान वर न करताच विचारलं, "गवंडी मंगळवारी येनार ना?"

"नाही," मी म्हटलं. "येणार होता. आता नाही येणार."

पाऊस लागायच्या आत चार फेऱ्या झाल्या. दोन वेळा मीही गेले. प्रत्येक वेळी वहिनी तिसऱ्याच पायरीवर बसल्या आणि प्रत्येक वेळी घर पहिल्यांदाच आलं. भगदाडाच्या अलीकडे मी अकरा कुंड्या ठेवल्या आहेत, पलीकडे बारा. सारख्या होत नाहीत, पण मी आता दोरी लावून बघत नाही.

सध्या धो धो पाऊस आहे. बोट ताडपत्रीखाली आहे, ट्रेलरच्या चाकांखाली विटा आहेत. मला धास्ती होती, की इतके महिने रोज संध्याकाळी भाऊ वहिनींना काय सांगून परत आत नेणार. पहिल्याच पावसात ते मला कळलं. वहिनी छत्री घेऊन, पिशवी घेऊन फाटकाशी उभ्या होत्या.

"नारळी पुनव होऊ दे गं," भाऊ म्हणाले. "दर्याला नारळ नाय दिला अजून."

वहिनींनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू हे सांगायची काय गरज होती. "मंग? नारल दिल्याबिगर कोन होरी घालतो?" त्या म्हणाल्या, छत्री मिटली आणि आत गेल्या.

रोज तेवढंच सांगावं लागतं, आणि रोज ते त्यांना पटतं. पौर्णिमेला अजून बावीस दिवस आहेत. भिंत जिथे तुटली आहे त्या कडेवर, पावसाचं पाणी लागणार नाही अशा जागी, खडूच्या बावीस रेघा आहेत. त्या माझ्या बाजूला आहेत. सकाळी एक मी पुसते.